घरच्या पार्किंगसाठी पाणी मुरणारी फरसबंदी: ब्लॉक, सच्छिद्र काँक्रीट की गवताची जाळी?

आडवा_पाऊस

एक गाडी उभी राहील एवढी जागा आहे: ५.५ मी. लांब, ३ मी. रुंद. सध्या तिथे जुना, फुटलेला कोबा आहे. तो काढून पाणी खाली मुरेल असं काही करायचं आहे. माहिती अशी:

ढाळ घराकडून फाटकाकडे, ५.५ मीटरमध्ये ११ सेंमी. घराचं जोतं पार्किंगच्या वरच्या कडेपासून २.५ मी. लांब. फाटकाबाहेर गटार, त्याचा तळ पार्किंगच्या खालच्या कडेपेक्षा ३५ सेंमी खोल. छपराचा एक पाइप (साधारण ४० चौ.मी. छपराचं पाणी) याच जागेवर पडतो. रोज एक गाडी, अधूनमधून भरलेला टेम्पो.

पर्याय तीन समोर आहेत: पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक, सच्छिद्र काँक्रीट आणि गवत लावायच्या जाळ्या. कोणता घ्यावा, आणि खाली काय काय घालावं लागतं?

थर_पाहणारा

वरचं काय घ्यायचं हे सगळ्यात शेवटी ठरवा. वरून पाणी आत जाणं ही सोपी गोष्ट आहे, या तिन्ही प्रकारांत ते जातंच. अडचण येते ती आत गेलेलं पाणी पुढे कुठे जाणार इथे. खालची माती ताशी किती पाणी पिते हा आकडा हातात आल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचे ठरेल.

मोजायची रीत: जिथे खड्ड्याचा तळ येणार त्या खोलीपर्यंत, म्हणजे जमिनीखाली ४५ ते ५० सेंमीवर, ३० × ३० सेंमीचा खड्डा घ्या. फावड्याने बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खिळ्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडा, नाहीतर माती आहे त्यापेक्षा कमी पाणी पिते असं दिसेल. तळाशी ५ सेंमी खडी टाका, पाणी ओतताना माती ढवळली जात नाही. मग ३० सेंमी पाणी भरून ठेवा. माती चिकण असेल तर रात्रभर. दुसऱ्या दिवशी १५ सेंमी पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाने पट्टीने मोजा. लागोपाठ दोन आकडे सारखे येईपर्यंत मोजत राहायचं. पहिला आकडा नेहमी फसवा असतो, कारण कोरडी माती आधी स्वतः पाणी पिऊन घेते. भेगाळलेल्या मातीत तर पहिल्या दिवशी खड्डा मिनिटांत रिकामा होतो आणि ओल धरल्यावर तीच माती झाकण लावल्यासारखी बंद होते.

आलेल्या आकड्याचा निम्मा धरून हिशोब करा, कारण या खड्ड्यात पाणी बाजूंनीही मुरतं. शिवाय पुढे कधीतरी तळावर थोडा गाळ बसणारच. सावकाश मुरणाऱ्या मातीत एकाऐवजी दोन ठिकाणी मोजा.

निम्मा केलेला आकडा ताशी १३ मिमीच्या वर असेल तर पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपशिवाय सगळं पाणी जमिनीत सोडता येतं. त्याखाली असेल तर जादा पाण्याला वाट ठेवावी लागते. ताशी १ मिमीच्या आसपास असेल तर जमीन पाणी घेत नाही असंच समजून चाला.

सांधा_आणि_खडी

वरच्याशी पूर्ण सहमत. माती मोजून होईपर्यंत तिन्ही प्रकारांबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे आकडा आल्यावर वेळ जाणार नाही.

आधी एक गैरसमज. साध्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत वाळू भरतात, ती २ ते ३ मिमीची फट असते आणि खाली दाबलेला मुरूम किंवा कच असते. त्यातून पाणी मुरत नाही. पहिल्या वर्षी थोडं जातं, मग बंद. पाणी मुरणाऱ्या ब्लॉकच्या बाजूंना उंचवटे असतात, त्यामुळे सांधा ६ ते १३ मिमीचा राहतो, आणि त्यात वाळूऐवजी बारीक धुतलेली खडी भरतात. ब्लॉक स्वतः घट्ट काँक्रीटचाच असतो. पाणी सांध्यांतून उतरतं. गाडीसाठी जाडी ८० मिमी घ्या, ६० मिमी पायवाटेला ठीक.

सच्छिद्र काँक्रीट म्हणजे वाळू न घातलेलं किंवा नावापुरती घातलेलं काँक्रीट. एकाच मापाची, साधारण १० मिमीची खडी, तिच्यावर सिमेंटचा लेप, आणि मध्ये १५ ते २५ टक्के पोकळी. गाडीसाठी १५० मिमी जाडी. सांधे नाहीत, सपाट दिसतं, चाकाची खुर्ची किंवा पाळणागाडी सहज फिरते. पण ते घालणं कसबी माणसाचं काम आहे.

गवताच्या जाळ्या दोन प्रकारच्या, काँक्रीटच्या आणि प्लॅस्टिकच्या. गाडी दिवसातले थोडेच तास उभी राहत असेल तर उत्तम. एकाच जागी रोज दहा-बारा तास गाडी उभी राहणार असेल तर तिच्याखाली ऊन पोचत नाही आणि गवत विरळ होत जातं. उरते ती उघडी माती, आणि ती जाळीच्या खालच्या खडीत उतरते. शिवाय जागेवरच स्टिअरिंग पिळलं की त्या दोन ठिकाणी गवत मुळासकट उपटतं. तुमच्या वापराला मी ही सुचवणार नाही. त्याच प्लॅस्टिकच्या जाळीत गवताऐवजी १० ते २० मिमीची कोनदार खडी भरली तर मात्र ती चांगली टिकते. गोल गोटे भरू नका, ते चाकाखाली सरकतात आणि जाळीबाहेर उडतात.

पोकळी_२०

सच्छिद्र काँक्रीटबद्दल थोडी भर, कारण ते चांगलं असूनही बदनाम होतं ते चुकीच्या हाताळणीमुळे.

घनमीटरला २७० ते ४१५ किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.२७ ते ०.३४, हा पल्ला आहे. नेहमीच्या काँक्रीटपेक्षा हे फार कोरडं वाटतं, म्हणून गवंडी सवयीने पाणी वाढवतो. वाढवलं की लेप खडीवरून ओघळून तळाशी साचतो, वरचे दगड उघडे पडतात आणि खालची पोकळी बंद होते. मुठीत घेऊन दाबायचं: गोळा सुटला तर पाणी कमी, बोटांतून लेप ओघळला तर जास्त. गोळा तसाच राहिला आणि खडीवर ओलसर चकाकी दिसली तर बरोबर.

थापी किंवा पॉलिश मारायचं नाही. जड रूळ फिरवून दाबायचं, एवढंच. ओतल्यापासून २० मिनिटांच्या आत प्लॅस्टिकने झाकायचं आणि ७ दिवस झाकलेलं ठेवायचं. इतकी पोकळी असलेलं काँक्रीट उन्हात आणि वाऱ्यात काही मिनिटांत पाणी गमावतं. मग वर्षभरात वरून खडे सुटायला लागतात. त्यात लोखंडी जाळी घालू नका, हवा आणि पाणी दोन्ही आतपर्यंत जातात आणि लोखंड गंजतं.

नीट घातलं तर चौरस मीटरमधून मिनिटाला ८० लिटरहून जास्त पाणी जातं. त्यामुळे पाऊस वरून आत घेण्याच्या बाबतीत ते ब्लॉकला मागे टाकत नसलं तरी कमीही पडत नाही.

सांधा_आणि_खडी

@पोकळी_२०, सगळं बरोबर. पण १६.५ चौ.मी. म्हणजे जाडी धरून जेमतेम अडीच घनमीटर काँक्रीट. एवढ्या कामाला हे मिश्रण आधी हाताळलेली टोळी मिळणं कठीण, आणि चुकलं तर दुरुस्ती म्हणजे तोडून पुन्हा ओतणं. ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. टेम्पोमुळे एखादी जागा बसली तरी चार ब्लॉक काढा, खडी भरा, परत लावा. छोट्या घरगुती जागेला माझं मत ब्लॉकलाच.

पोकळी_२०

दुरुस्तीचा मुद्दा मान्य. अनुभवी माणूस नसेल तर मीही ब्लॉकच सांगेन.

आडवा_पाऊस

दोन ठिकाणी मोजलं. रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं. शेवटचे सारखे आकडे: एका खड्ड्यात ताशी ६ मिमी, दुसऱ्यात ताशी ७ मिमी. ४० सेंमीखाली पिवळसर चिकणसर माती आहे. उन्हाळ्यात बारीक भेगा पडतात, पण बोट जाईल अशा नाहीत. तळघर नाही. जवळ विहीर नाही. पावसाळ्यात १.५ मी. खोलीपर्यंत भूजल दिसत नाही.

थर_पाहणारा

छान, आता हिशोब करता येईल. लहान आकडा धरा: ६ चा निम्मा ३ मिमी ताशी.

एका जोरदार सरीत ६० मिमी पाऊस धरू. फक्त पार्किंगवर पडलेलं पाणी १६.५ × ६० = ९९० लिटर. हे खडीच्या पोकळीत साठून राहणार आणि सावकाश मुरणार. एकाच मापाच्या धुतलेल्या खडीत ४० टक्क्यांपर्यंत पोकळी असते, हिशोबाला ३५ टक्के घ्या. म्हणजे ६० मिमी पाण्याला ६० ÷ ०.३५ = सुमारे १७० मिमी खडी पुरते. गाडीच्या वजनासाठी त्याहून जास्त खडी लागतेच, त्यामुळे इथे साठवण ही अडचण नाही. रिकामं व्हायला ६० ÷ ३ = २० तास. ४८ ते ७२ तासांत खड्डा रिकामा व्हावा असा दंडक आहे, म्हणजे पुढच्या पावसाला जागा मिळते आणि तळाची माती सतत ओली राहून मऊ पडत नाही.

आता छपराचा पाइप. ४० चौ.मी. × ६० मिमी = २४०० लिटर. पार्किंगच्या स्वतःच्या पाण्याच्या जवळजवळ अडीचपट! दोन्ही मिळून १६.५ चौ.मी.वर २०५ मिमी पाणी, त्याला ५८५ मिमी खडी आणि मुरायला ६८ तास. कागदावर कसंबसं बसतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला की पाणी वर येईल. शिवाय छपरावरची पानं आणि धूळ थेट सांध्यांत येऊन पडते. तो पाइप इथून हलवा. बागेत, वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा साठवण टाकीत न्या. या कामातला सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडेल, ब्लॉकच्या निवडीने तेवढा पडणार नाही.

जोत्यापासून मुरणारं पाणी निदान ३ मी. लांब असावं. तुमचं अंतर २.५ मी. आहे, म्हणून घराकडच्या बाजूला पहिला अर्धा मीटर तळावर आणि त्या बाजूच्या उभ्या भिंतीवर जाड प्लॅस्टिकचं अस्तर घाला, वरखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) देऊन, म्हणजे खडीने ते फाटणार नाही. तिथलं पाणी आडवं सरकून पुढे मुरेल.

काळी_भुई

पुढे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. माती जर खरी काळी, फुगणारी असेल, उन्हाळ्यात रुंद भेगा पडत असतील आणि ओली माती तळहातांत वळून लांब बारीक दोरी होत असेल, तर घराजवळ त्या मातीत पाणी मुरवायच्या फंदात पडू नका. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते, आणि पायाला चिरा पडतात. अशा ठिकाणी सगळ्या खड्ड्याला अस्तर लावायचं, तळाशी भोकांचा पाइप टाकायचा आणि पाणी लांब नेऊन सोडायचं. पाऊस ओसरेपर्यंत खडीत पाणी धरून ठेवण्याचा फायदा तरीही मिळतो, मुरण्याचा मिळत नाही. तळघर असेल तरी हेच.

ढाळ_आणि_दोरी

ढाळाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वरचा ढाळ ५.५ मीटरला ११ सेंमी, म्हणजे २ टक्के. उत्तम, ५ टक्क्यांपर्यंत चालतं. पण खड्ड्याचा तळ त्याच ढाळात खणला तर पाणी खालच्या टोकाला गोळा होतं आणि वरच्या टोकाची खडी कोरडी राहते. ३०० मिमी खडीत खालच्या टोकाला पाणी वरपर्यंत आलं तेव्हा वरच्या टोकाला ११० मिमी खडी रिकामीच असेल. सरासरी ५५ मिमी खडीतली साठवण वाया गेली.

म्हणून तळ पाणसळीत सपाट घ्या. खालच्या टोकाला खोली ४३० मिमी, वरच्या टोकाला ५४० मिमी येईल. सुमारे ०.९ घनमीटर खडी जास्त लागेल, पण पाणी सगळ्या तळावर सारखं पसरेल, आणि सावकाश पिणाऱ्या मातीत तेच हवं असतं. ढाळ जास्त असता तर पायऱ्यांसारखे टप्पे किंवा मध्ये आडवा बांध घालावा लागला असता. तुम्हाला त्याची गरज नाही.

सांधा_आणि_खडी

आता थर, खालून वर:

तळाचा थर ४० ते ६० मिमी खडीचा, खालच्या टोकाला २०० मिमी आणि वरच्या टोकाला ३१० मिमी. त्यावर साधारण २० मिमी खडीचा १०० मिमी थर. त्यावर ३ ते ८ मिमी बारीक खडीची ५० मिमी गादी. मग ८० मिमीचा ब्लॉक. सांध्यांत तीच बारीक खडी. सांधा ६ मिमीच्या जवळ असेल तर आणखी बारीक, २ ते ५ मिमीची.

हा क्रम मनाने बदलू नका. वरच्या थराची खडी खालच्या थराच्या फटींत अडकून थांबावी एवढाच मापांत फरक ठेवलेला असतो. ६० मिमी खडीवर थेट बारीक खडी पसरली तर ती पावसागणिक खाली गळत राहते आणि सहा महिन्यांत ब्लॉक लाटांसारखे वरखाली होतात.

तुमच्या जागेचं साहित्य, १० टक्के जादा धरून: मोठी खडी ४.६ घनमीटर, मधली १.८ घनमीटर, गादी आणि सांधे मिळून बारीक खडी १.१ घनमीटर. २०० × १०० मिमी ब्लॉक आणि १० मिमी सांधा धरला तर चौ.मी.ला ४३ ब्लॉक, म्हणजे ७१५, आणि कापण्या-फुटण्यासाठी ५ टक्के धरून ७५० घ्या. उपसा ८ घनमीटर, पण उकरलेली माती फुगते, तेव्हा १० घनमीटर न्यायची सोय करा.

खडी धुतलेलीच घ्या, इथे तडजोड नको. खाणीवरच्या खडीला चिकटलेली भुकटी पहिल्याच पावसात धुऊन तळावर बसते आणि जिथे पाणी मुरायला हवं नेमकं तिथेच लेप देते. पारख सोपी आहे: काचेच्या बरणीत अर्धी खडी, वर पाणी, जोरात हलवा आणि तासभर ठेवा. पाणी नितळ होऊन खाली गाळाचा नुसता धूसर थर दिसला तर चालेल. बोटाने खरवडता येईल असा थर बसला तर ती गाडी परत पाठवा, किंवा चाळणीवर टाकून पाण्याच्या धारेखाली धुवून घ्या. धुतलेलं पाणी खड्ड्यात जाऊ देऊ नका.

कडा: चारी बाजूंनी १५० मिमी रुंद, ३५० मिमी खोल काँक्रीटचा कठडा, १७ मीटर लांबीला साधारण ०.९ घनमीटर. खिळे ठोकून बसवायच्या प्लॅस्टिक पट्ट्या इथे टिकत नाहीत, कारण मोकळ्या खडीत खिळा धरत नाही. कड सरकली की सांधे उघडतात, खडी गळते, आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात.

दणका

खणल्यावर तळ धुम्मस मारून पक्का करायचा ना? टेम्पो येणार आहे.

थर_पाहणारा

नाही, आणि ही चूक बहुतेक ठिकाणी होते. साध्या रस्त्याखाली तळ ठोकणं योग्य, कारण तिथे पाणी आत येऊ द्यायचं नसतं. इथे तळ ठोकला की ताशी ६ मिमीचे १ मिमी होतील आणि सगळा हिशोब कोलमडेल. खणताना यंत्र खड्ड्याबाहेर ठेवून आत फक्त त्याचा हात पोचवायचा, चाकं तळावर फिरवायची नाहीत. शेवटचे ५ ते १० सेंमी फावड्याने काढा. पाय पडून तळ चोपला गेलाच तर पंजाने वरचे ५ सेंमी सैल करा. खणून झाल्यावर मोठी खडी पडेपर्यंत पाऊस आला तर वर बसलेला गाळ खरवडून काढा, त्यावर खडी टाकू नका.

न ठोकलेल्या ओल्या मातीची ताकद कमी असते, ती भरून काढायची खडीच्या जाडीने. म्हणूनच वर २०० मिमीचा थर सांगितला आहे. फक्त गाडी असती तर १५० मिमीत भागलं असतं. रोज जड ट्रक येणार असता तर हा हिशोब वेगळ्याने करावा लागला असता.

खडी मात्र ठोकायची, आणि नीट ठोकायची. १०० ते १५० मिमीच्या थरांत, ओली करून, जड प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट तळाचं, थरथरून दाबणारं यंत्र). यंत्राखाली खडी हलायची थांबली की पुरे. पुढे ठोकत राहिलात तर दगड फुटून भुकटी होते.

काळी_भुई

तळाशी जिओटेक्स्टाइल घालायचं की नाही?

सांधा_आणि_खडी

माझ्या मते चिकणमातीत घालावं. ओली चिकणमाती खडीच्या दाबाने फटींत वर घुसते. दोन-तीन वर्षांत खालचे ५ सेंमी खडी आणि मातीचा काला होतो.

पोकळी_२०

उलट बाजूही आहे. वरून उतरणारा बारीक गाळ त्या कापडावर अडकतो आणि तिथेच पाझर मंदावतो. खाली असल्याने साफही करता येत नाही. रेताड, घट्ट जमिनीत तळाशी कापड नकोच, फक्त बाजूंना लावा.

थर_पाहणारा

दोन्ही मुद्दे आपापल्या जमिनीत खरे आहेत. या धाग्यातली माती चिकणसर आहे, म्हणून इथे तळाशीही घालावं. पण विणलेलं नको. न विणलेलं, नमद्यासारखं घ्या, त्यातून पाणी सहज जातं. जोडावर ३० सेंमी एकावर एक. बाजूंनी कठड्यापर्यंत वर आणा, कारण बाजूची माती खडीत ढासळणं हे तळापेक्षा जास्त घडतं. गादीच्या खाली, म्हणजे बारीक आणि मधल्या खडीच्या मध्ये, कापड घालू नका. गाळ तिथे साचला तर वरून पाणी उतरायचंच थांबतं, आणि चाकाच्या पिळाने ब्लॉक त्यावर सरकतात.

ढाळ_आणि_दोरी

बसवण्यातल्या काही बारकाव्यांकडे दुर्लक्ष होतं, ते सांगतो.

गादी पसरताना ५० मिमी जाडीचे दोन पाइप समांतर ठेवून त्यावर सरळ पट्टी ओढायची. गादी आधी ठोकायची नाही आणि तिच्यावर चालायचं नाही. ब्लॉक बसवलेल्या भागावर उभं राहून पुढे सरकायचं. पाइप काढल्यावर पडलेली चरी बारीक खडीने लगेच भरा.

गाडीसाठी रचना हेरिंगबोनच घ्या, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात, नागमोडी लावलेले. सरळ ओळींच्या रचनेत ब्रेकचा आणि वळणाचा ताण एका सांध्यावरून थेट पुढे जातो आणि ओळ वाकते. कडेला कापलेला तुकडा ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान नको.

मग सांध्यांत खडी झाडून भरायची, वर उरलेली खडी झाडून घ्यायची आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, निदान २२ किलोन्यूटन क्षमतेचा. आधी झाडलं नाही तर खडे ब्लॉकच्या पृष्ठावर रुतून ओरखडे आणि टवके पडतात. ठोकल्यावर सांधे खाली बसतात, पुन्हा भरायचे, पुन्हा ठोकायचं. शेवटी खडी ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून ६ मिमी खाली असावी. पहिल्या काही महिन्यांत ती आणखी बसते, म्हणून दोन पोती बारीक खडी शिल्लक ठेवा.

हे सगळं बांधकामातलं शेवटचं काम ठेवा. भिंतीचं प्लास्टर, रंग, बागेची माती पसरणं, सगळं उरकल्यावर. ताज्या सांध्यांवर एकदा कुणी सिमेंट कालवलं की तेवढा भाग कायमचा गेला. आणि शेजारचे वाफे पार्किंगपेक्षा ५ सेंमी खाली ठेवा, नाहीतर दर पावसात माती वाहून सांध्यांवर येईल.

आडवा_पाऊस

पाइप बागेकडे वळवायचं ठरवलं. ब्लॉकच घेतोय. दोन प्रश्न राहिले. सांधे बुजायला लागलेत हे कसं ओळखायचं? आणि ताशी ३ मिमी म्हणजे जादा पाण्याला वाट ठेवावी लागेल असं वर लिहिलंय, ती नेमकी कुठे आणि किती उंचीवर?

पोकळी_२०

बुजण्याबद्दल. गाळ वरच्या २५ ते ५० मिमीतच अडकतो, खोल जात नाही, ही मोठी सोय आहे. साधी चाचणी: ३०० मिमी व्यासाचं, दोन्ही बाजूंनी उघडं कडं घ्या (बादलीचा तळ कापून चालतो), ते सांध्यांवर ठेवून खालची कड पुटीने किंवा भिजवलेल्या चिकणमातीने बंद करा. आधी ३.६ लिटर ओतून जागा भिजवा. मग पुन्हा ३.६ लिटर, कड्यात १० ते १५ मिमी पाणी राहील अशा बेताने ओता आणि शेवटचं पाणी दिसेनासं होईपर्यंत वेळ मोजा. ३.६ लिटर म्हणजे तेवढ्या जागेत ५१ मिमी पाणी. १२ मिनिटं लागली तर वेग ताशी २५० मिमीच्या आसपास, आणि हीच सफाईची पायरी. नव्या फरसबंदीत तेवढं पाणी काही सेकंदांत जातं. चाचणी चाक थांबतं तिथे, फाटकापाशी आणि झाडाखाली अशी तीन ठिकाणी करा, बुजणं सगळीकडे सारखं नसतं.

सफाई कोरड्या दिवसात: ताठ झाडूने झाडणं, मग ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम. त्याने भागलं नाही तर सांध्यांतली वरची २५ मिमी खडी पट्टीने उकरून काढा आणि नवी धुतलेली भरा. पाण्याचा जोराचा फवारा सरळ खाली मारू नका, गाळ आणखी खोल जातो. तिरपा धरून गाळ वर उसळवायचा आणि लगेच ओढून घ्यायचा. पानं कुजण्याआधी उचलावीत. सांध्यांत गवत उगवलं की तिथे माती साचली आहे हे समजा. वाळू तर कधीही पसरू नका, थंडीत बर्फ पडणाऱ्या ठिकाणी घसरू नये म्हणून टाकतात तीसुद्धा नको, त्याऐवजी तीच बारीक खडी टाका.

गाडीचं तेल थेंब थेंब पडलं तर खडीतच अडकतं आणि सावकाश विघटन पावतं, पण तेल बदलणं किंवा साबणाने गाडी धुणं इथे करू नका.

थर_पाहणारा

पाण्याची वाट. भोकांचा १०० मिमी पाइप फाटकाच्या कडेला, खालच्या टोकाशी, मोठ्या खडीच्या थरात आडवा टाका. तो कठड्याबाहेर ३० × ३० सेंमीच्या छोट्या चेंबरमध्ये निघेल. चेंबरमध्ये त्याला वर वळणारा एल्बो (काटकोनी जोड) लावा, म्हणजे खड्ड्यात तळापासून १५० मिमी पाणी भरल्याशिवाय बाहेर काहीच जाणार नाही. ते १५० मिमी, म्हणजे पोकळीच्या हिशोबाने ५२ मिमी पाऊस, जमिनीतच मुरेल, साडेसतरा तासांत. त्यावरचं तेवढं गटारात.

पातळी जुळते का ते पाहू. खालच्या टोकाला तळ ४३० मिमी खोल, त्यावर १५० म्हणजे सांडायची पातळी जमिनीखाली २८० मिमी. गटाराचा तळ ३५० मिमीवर. ७० मिमी उतार मिळतो, दोन मीटर लांबीला १ टक्का धरला तर २० मिमीच लागतात. जमतं. पण गटार तुडुंब भरलं की पाणी उलटं आत येईल, गाळ घेऊन. म्हणून चेंबरच्या बाहेरच्या तोंडाला झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. फाटकाखालून जाणाऱ्या पाइपवर १७० मिमीच आवरण राहतं, तेव्हा टेम्पोच्या वाटेत तो काँक्रीटमध्ये गाडा.

आडवा_पाऊस

एल्बो काढता येईल असा ठेवायचा का?

थर_पाहणारा

हो, चिकटवू नका, रबरी रिंगवर बसवा. दोन-तीन वर्षांनी मुरणं मंदावलं आणि पावसानंतर तीन दिवसांनीही चेंबरमध्ये पाणी एल्बोच्या तोंडाशी दिसलं, तर तो फिरवून ५० मिमी खाली घ्या. कायम साठणारं पाणी तेवढं कमी होईल आणि तळाला वाळायला वेळ मिळेल. चेंबरच्या आतल्या भिंतीवर तळापासून दर ५० मिमीला रंगाची खूण करून ठेवा, झाकण उचललं की खड्ड्यात किती पाणी आहे ते तिथेच वाचता येईल.